दहापैकी साडेचार

पेणच्या बाजारात हल्ली मला कुणी "कशा आहात?" असं विचारत नाही. "विहीणबाईंनी वाचवलं म्हणे तुम्हांला," असं म्हणतात. पापडवाल्या बाई म्हणतात, पोस्टातली मुलगी म्हणते, आमच्या मागच्या गल्लीतल्या गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणाऱ्या बायकासुद्धा ब्रश थांबवून म्हणतात. दुखणं माझं, पोट माझं, पोटावरची चार भोकं माझी, आणि गोष्टीतला मान मात्र रोह्याचा. माझ्या मुलीच्या सासूने ती गोष्ट कॅनडातून फोनवर रोहाभर केली आणि रोह्याहून ती आपोआप पेणला आली. आता माझ्या बाजूने कुणी सांगायची, तर मीच.

आधी माझ्याबद्दल. मी पेणच्या शाळेत जन्मभर चौथीच्या वर्गाला शिकवलं. पूर्ण गुण मी कधी कुणाला दिले नाहीत. दहापैकी दहा दिले की मूल तिथेच बैठक मारतं, पुढे सरकत नाही, असं माझं ठाम मत होतं आणि आहे. उत्तम निबंधाला सात. पालक भांडायला आले तर मी वही उघडून ऱ्हस्व-दीर्घ दाखवायची, की ते गप्प. अर्धा गुण देण्यात मात्र मी कंजूषपणा केला नाही. माझ्या स्वतःच्या मुलीलाही मीच चौथीला होते. तिला साडेसात मिळाले तेव्हा ती दिवसभर रुसून बसली होती, तरी मी आठ केले नाहीत.

विहीणबाईंचं सगळं याच्या उलट. त्या रोह्यात घरातूनच साड्या विकतात. त्यांच्याकडे गेलेली बाई कशीही असो, तिला कुठलीही साडी खांद्यावर टाकली की "लाखात एक दिसताव" हे ठरलेलं. घरातला चहा नेहमी फक्कड, जावई म्हणजे त्यांचा मुलगा, तो तर हिराच, पाऊस पडला तर असा पाऊस जन्मात पाहिला नाही. हिच्या हातात शाळा दिली असती तर सगळा वर्ग पहिला आला असता. इथे मी त्यांना "त्या" म्हणतेय ते शिष्टाचार म्हणून. मनात ती "ती"च असते, तेव्हा पुढे मी तसंच लिहीन.

आमचं जमलं नाही ते पहिल्याच दिवसापासून. लग्न ठरलं तेव्हा थंडीचे दिवस होते. त्यांच्या शेतावर पोपटी लावली होती, मडक्यात वालाच्या शेंगा, वर भांबुर्ड्याचा पाला, आणि आम्हां पेणकरांना खास बोलावणं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला कडव्या वालाचं बिरडं. माझी मुलगी घरी वाल पाहिले की ताट सरकवायची. तिने तिथे दोनदा बिरडं मागून घेतलं आणि परतीच्या गाडीत मला विचारलं, "आई, तू असं का गं करत नाहीस?"

त्या प्रश्नाने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवसापासून ती बाई जेव्हा जेव्हा बिरडं करी तेव्हा तेव्हा मी काहीतरी काढलंच. गूळ जरा पुढे झाला. आमसूल मागे राहिलं. वाल फार शिजले, दाणा अख्खा दिसायला हवा. नाव ठेवायला जागा नसली तरी मी जागा करायची. ती हसून म्हणायची, "ऱ्हावंद्या, पुढल्या टायमाला सुधारू." सुधारत मात्र काही नव्हती. चार वर्षं तसंच करत होती, आणि माझी मुलगी चार वर्षं तसंच मिटक्या मारत होती.

एका गोष्टीवर मात्र माझा हक्क होता. पहिलं बाळंतपण माहेरचं. हा नियम काही मी केलेला नाही, पण मला तो फार आवडतो. मुलगी आता कॅनडात, तिला पेणला आणणं शक्य नव्हतं, म्हणून माहेरच विमानात बसून गेलं. ह्यांना थंडी सोसत नाही आणि परसातली झाडं सोडवत नाहीत, तेव्हा मी एकटीच निघाले. बॅगेत डिंक, अळीव, बाळंतशेपा, माझ्या जुन्या नऊवारीची धुऊन धुऊन मऊ झालेली दुपटी, आणि आमच्या गागोद्याकडच्या शेतातले वाल. विहीणबाईचा नंबर माझ्यानंतर, मी परत आल्यावर. असं सगळं नीट ठरलं होतं.

वालाला मोड येईनात. तिथल्या थंडीत ते भिजून भिजून फुगले आणि शेवटी वास मारायला लागले. मी ते गुपचूप टाकून दिले. बाकी माझं राज्य होतं. नात झाली. तिला न्हाऊ घालायचं मी, दुपट्यात बांधायचं मी, पायांवर घेऊन झोपवायचं मी. तिचं डोकं माझ्या पोटऱ्यांच्या खोबणीत बसायचं. मुलगी सकाळी उठल्या उठल्या "अगं आई" अशी हाक मारायची आणि मला चार वर्षांचं साचलेलं काहीतरी मिळाल्यासारखं वाटायचं. तिची सासू म्हणजे "अहो आई". त्या "अहो" आणि "अगं"मध्ये जेवढं अंतर आहे, तेवढ्यावर मी सुखाने जगत होते.

मग बारशाला म्हणून ती आली. माझे दिवस अजून संपलेले नसताना आली.

"साड्यांचा सीझन संपला. म्हटलं, इकडं बसून काय करू?" असं म्हणत तिने दारातच नातीला माझ्या हातातून घेतलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं. दोन खोल्यांचं घर, त्यातली एक मुलगी-जावयाची आणि बाळाची, दुसरीत आम्ही दोघी विहिणी. तिनेही वाल आणले होते, रोह्याचे. रात्री भिजवून फडक्यात बांधले आणि दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्ये ठेवून नुसता आतला दिवा लावला. वालाला बोटभर मोड आले. मुलगी टाळ्या वाजवायची बाकी होती. मी तो मोड हातात घेऊन पाहिला आणि म्हटलं, फार लांब झालेत, कडू लागतील.

माझं दुखणं याच सुमारास सुरू झालं. जेवलं की उजव्या बरगडीखाली कळ यायची आणि पाठीतून खांद्यापर्यंत जायची. मी ओवा चावला, गरम पाणी प्यायले आणि कुणाला काही सांगितलं नाही. मी आडवी पडले असते तर घर तिच्या हातात गेलं असतं. बाळाची अंघोळ तिच्याकडे, मुलीचं खाणंपिणं तिच्याकडे, आणि मी नुसती पाहुणी. त्यापेक्षा ओवा बरा.

पण एकदा बाळाला पायांवर घेतलेलं असतानाच कळ आली आणि माझा चेहरा मुलीने पाहिला. जावयाने मला तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. विमा आधीच काढलेला होता, त्याची काळजी नव्हती. आत शिरल्यावर एका नर्सने रक्तदाब घेतला आणि समोर एक चित्रांची पट्टी धरली. एका टोकाला हसरं तोंड, दुसऱ्या टोकाला रडकं, खाली शून्यापासून दहापर्यंत आकडे. किती दुखतंय, ते सांगायचं.

आता मला सांगा, जन्मभर गुण देणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारावा का? मी चष्मा लावून सगळी तोंडं नीट पाहिली. दहा म्हणजे काय? मुलीच्या वेळी पेणच्या दवाखान्यात मी दीड दिवस अडले होते, त्यालाही मी नऊच्या वर दिले नसते. त्या मानाने हे काय? शिवाय जास्त सांगितलं तर ठेवून घेतील, आणि घरी विहीणबाईचं एकटीचं राज्य. मी विचार करून, स्पष्ट इंग्रजीत, साडेचार सांगितलं.

"अर्धासुद्धा?" नर्स हसली. मी मान हलवली. माझा हिशेब चोख होता.

त्या साडेचारावर मी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बाकावर बसले. माझ्यामागून आलेली माणसं पुढे जात होती. एक तरुण मुलगा घोटा मुरगळून आला होता, त्याने आठ सांगितले आणि तो आत गेला. माझ्या वर्गात असता तर तीन दिले असते. शेवटी एका डॉक्टरने पोट दाबून पाहिलं, मी दात आवळून ठेवले, त्याने गोळ्या दिल्या, सोनोग्राफीसाठी पुढची तारीख दिली आणि जास्त झालं तर लगेच या म्हणून सांगितलं.

घरी आलो तर बाळ तिच्या खांद्यावर गाढ झोपलेलं. खांद्यावर. मी पायांवर घेऊन, थोपटून, ओव्या म्हणून झोपवायची, तेव्हा कुठे अर्ध्या तासाने डोळा लागायचा. "शांत हाय पोर. माझ्या खांद्यावर दोन मिन्टात झोपली," ती म्हणाली. पोटातल्या कळेला मी साडेचार दिले होते. या वाक्याला किती द्यावे, ते मला ठरवता येईना.

पुढचे काही दिवस मी हसतमुख राहिले. अंगात कणकण होती, ती थंडीची म्हणून सांगितली. एका दुपारी तिने पुन्हा बिरडं केलं. पानं घेतली. मी दोन घास खाल्ले. घरभर खोबऱ्या-जिऱ्याचा वास होता आणि त्या वासाने मला ढवळून येत होतं. मुलगी म्हणाली, "मस्त झालंय." जावई म्हणाला, मस्त झालंय. मग नेहमीप्रमाणे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीच बोलले नाही. पाण्याचा पेला उचलला आणि परत ठेवला.

तिने वाढता वाढता हात थांबवला, पळी पातेल्यात ठेवली आणि मुलाला म्हणाली, "उठ. गाडी काढ."

"जेवू दे त्याला," मी म्हटलं. "मला काही झालेलं नाही."

"तुमी उठा, विहीणबाय. मी चप्पल देतंय."

मुलगी बाळाला सोडून येऊ शकत नव्हती. म्हणजे मला हॉस्पिटलात घेऊन गेली ती कोण, तर ही. मुलीने दारातून तिचा हात धरला आणि म्हणाली, "अगं आई, सांभाळून ने तिला." तापात असले तरी मी ते ऐकलं. "अगं." माझं अंतर संपलं होतं, आणि मी चप्पल घालायलासुद्धा वाकू शकत नव्हते.

हॉस्पिटलात तीच पट्टी, तीच तोंडं, नर्स दुसरी. तिने मला विचारलं. मी पाहिलं, मनाशी ठरवलं की आज सहा द्यायला हरकत नाही, आणि तोंड उघडणार तेवढ्यात ही पुढे झाली. दोन्ही हातांची बोटं पसरून नर्सच्या तोंडासमोर धरली आणि म्हणाली, "टेन. शी इज टेन. फुल टेन."

नर्सने माझ्याकडे पाहिलं. मला संताप आला होता. माझं दुखणं, माझे गुण, आणि ही कोण द्यायला? मी "सिक्स" म्हणण्यासाठी श्वास घेतला आणि तो श्वास बरगडीखाली अडकला. माझ्या तोंडून आकडा आलाच नाही. मी त्या पट्टीवर डोकं टेकलं. त्यानंतर मला कुणी बाकावर बसवलं नाही. पित्ताशयात खडे होते आणि ते सुजून फुटायच्या बेतात आलं होतं. त्याच दिवशी दुर्बिणीने ऑपरेशन झालं. डॉक्टर नंतर जावयाला म्हणाले की आज आणलंत ते बरं झालं.

हॉस्पिटलातले दिवस मी कसे काढले, ते माझं मला माहीत. मुलगी येऊ शकत नव्हती, ती फोनवर दिसायची, तेही बाळ रडलं की बंद. यायची ती हीच. थर्मासमध्ये मऊ भाताची पेज घेऊन, लोकरी टोपी घालून. दोन दिवसांत तिची सगळ्या नर्सांशी मैत्री झाली. इंग्रजी येत नव्हतं असं नाही, पण जेवढं येत होतं त्याच्या दसपट बोलत होती. फोनवर साड्यांचे फोटो दाखवून झाले. एका नर्सने तिला विचारलं, ही तुमची बहीण का? तर म्हणाली, "येस, येस." मी डोळे मिटून घेतले. मग खुर्चीत बसून रोह्याला फोन: "मी टेन बोल्ली म्हणून घेतला गो आत. नायतर काय खरं नव्हतं."

फोन झाल्यावर मी तिला विचारलं. विचारणार नव्हते, पण राहवलं नाही.

"मला दहा दुखतंय, हे तुम्हांला कोणी सांगितलं होतं?"

ती थर्मासचं झाकण घट्ट करत होती. "त्या दिवशी तुमी माझ्या बिरड्याला नावं ठेवली नाय," ती म्हणाली. "चार वर्षांत पयल्यांदा. मी मुद्दाम गूळ जादा टाकला व्हता, तरी नाय. तवाच म्हटलं, बाईला लय झालंय."

मी भिंतीकडे तोंड केलं. माझ्या मुलीने तेच बिरडं माझ्या शेजारी बसून खाल्लं होतं. तिला काही कळलं नव्हतं. ज्या बाईबद्दल मी एक चांगला शब्द बोलले नाही, तिला मात्र माझा न बोललेला शब्द ऐकू आला. मला बरं वाटायला हवं होतं. मला मुलीच्या वतीने लाज वाटली आणि हिचा हेवा वाटला, आणि मी म्हटलं, "गूळ जास्त होता, ते मला कळलं होतं."

"व्हय, कळणारच तुमाला," ती म्हणाली, आणि पेज पुढे केली.

घरी आल्यावर शिक्षा पुढेच होती. दीड महिना काहीही जड उचलायचं नाही. बाळही नाही. मी सोफ्यावर उशी घेऊन बसायची आणि ती माझ्यासमोर बाळाला न्हाऊ घालायची, दुपट्यात बांधायची, माझ्या नऊवारीच्या दुपट्यात, आणि खांद्यावर टाकून घरभर फिरायची. मग स्वतःहून आणून माझ्या मांडीवर ठेवायची. "उचलू नका. मी ठेवतंय, मीच घेतंय." माझीच नात मला वाढल्यासारखी मिळायची, आणि पान उचलायची वेळ झाली की उचलली जायची. बाळ रडलं की मुलगी आतून विचारायची, "आईऽ, काय झालं?" आणि आम्ही दोघी एकदम "काही नाही" म्हणायचो. तिला कोणती आई हवी असायची, ते मी कधी विचारलं नाही.

तपासणी होऊन प्रवासाची परवानगी मिळाली तशी मी पेणला परत आले. ती तिथेच राहिली, आता तिचा नंबर होता. विमानतळावर मुलीने मला मिठी मारली ती टाके सांभाळून, अगदी हलकी.

ह्यांनी घरी आल्यावर माझी भोकं पाहिली आणि म्हणाले, "विहीणबाईंचं एवढं दुखत होतं तुझ्या पोटात?" असल्या कोट्या घरात चालणार नाहीत, असं मी त्यांना सांगितलं आहे.

मुलीचा फोन रविवारी यायचा. मीच तिला तसं सांगितलं होतं. तुझी नोकरी, बाळ, झोप नाही, कशाला उगीच रोज, आम्ही इथे मजेत आहोत. ती "बरं" म्हणाली. पटकन म्हणाली. आठवड्यातले बाकीचे दिवस मी मागच्या कारखान्यातल्या बायकांशी बोलण्यात आणि वालाच्या शेंगा सोलण्यात घालवत होते. यंदा आमच्या शेतात वाल चांगला आला आहे. मी ते डब्यात भरून ठेवले आहेत. बिरडं केलेलं नाही.

मागच्या रविवारी व्हिडिओवर मुलगी हसत हसत म्हणाली, "आई, आमची किती आठवण येते गं? दहापैकी सांग." त्यांच्या घरात आता हा विनोदच झाला आहे. मागे स्वयंपाकघरात ती दिसत होती, पाठमोरी, बाळ खांद्यावर. बाळाची मूठ तिच्या मानेवरच्या केसांत होती.

मी चष्मा नीट केला आणि म्हटलं, "साडेचार."

"बघा," मुलगी खळखळून हसली. "काही सुधारणा नाही. बरं, मग पुढच्या रविवारी बोलू."

मागून, मान न वळवता, बाळाच्या पाठीवरचा हात न थांबवता, विहीणबाई म्हणाली, "दहा हायत गो त्यांचे. रोज फोन करत जा तू."

मला इतका राग आला की मी काही बोललेच नाही. फोन आता रोज येतो.